एका हॉर्सपॉवरचं इंजिन

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी कारपेंट्रीचा जॉब केलाय. हाफ लॅप जॉइंट! करवत, पटाशी, रंधा आणि दोन तासांनी हातावर आलेले फोड. माझा जॉइंट बसलाच नाही. फटीतून पलीकडचा मित्र दिसत होता. फटीत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून मी सबमिशन केलं. (सरांनी ते ओळखलं होतं हे व्हायवाच्या वेळी कळलं.) तो जॉब मी सुट्टीत घरी नायगावला घेऊन गेले. आजीने तो हातात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, तुझा जन्म वाडिया हॉस्पिटलचा, आणि तुला सुतारकाम येत नाही?

मला जोक कळला नाही. वाडिया म्हणजे हॉस्पिटल एवढंच मला माहीत. परळ, लालबाग, नायगावच्या निम्म्या पोरांचा जन्म तिथलाच असतो. त्यात सुतारकाम कुठून आलं? मग आजोबांनी सांगितलं की वाडिया म्हणजे मूळचे सुतार. जहाजं बांधणारे. गुजरातीत वाडिया या शब्दाचा अर्थच तो.

मित्रमैत्रिणींनो, माझं शिक्षण काँव्हेंटमध्ये झालं. आम्हाला शाळेत इंग्लंडचा इतिहास बऱ्यापैकी शिकवला. पुढे इथे मटेरियल्सच्या लेक्चरला अब्राहम डार्बी हे नाव आलं. १७०९ साली कोलब्रुकडेल इथे दगडी कोळशाचा कोक वापरून त्याने लोखंड वितळवलं. त्याच्याच घराण्यातल्या तिसऱ्या अब्राहम डार्बीने १७७९ मध्ये ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल उभा केला. हे डार्बी क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक छोटा ख्रिस्ती पंथ. पाद्री नाही, प्रार्थनेला गाणीबजावणी नाही, गप्प बसायचं. कोर्टातही शपथ घ्यायची नाही, कारण माणसाने नेहमीच खरं बोलायचं असतं. युद्ध नको. त्यामुळे त्यांना ऑक्सफर्ड, केंब्रिजची दारं बंद आणि सरकारी नोकऱ्याही बंद. मग ही मंडळी लोखंडाच्या भट्ट्या, बँका, घड्याळं, चॉकलेट अशा धंद्यांत शिरली. आपल्या आवडत्या डेअरी मिल्कवालं कॅडबरी घराणंसुद्धा क्वेकरच. काही जण समुद्र ओलांडून गेले. विल्यम पेनला १६८१ साली राजाकडून अमेरिकेत जमीन मिळाली, तिथे त्याने पेनसिल्व्हेनिया वसवलं. पेनचे वडील आरमारात ॲडमिरल होते आणि राजाकडे त्यांचं येणं होतं, त्या कर्जाच्या बदल्यात ही जमीन!

अशा क्वेकर वसाहतकऱ्यांच्या घराण्यांच्या वंशावळी तिकडे लोक हौसेने काढतात. पहिला पूर्वज कोणत्या जहाजाने आला, बरोबर काय आणलं, मुलं कोण, नातवंडं कोण. मला वाटलं, या मॅगझिनसाठी असंच एखादं घराणं आपण शोधावं. छोटा समाज, परक्या गावात येऊन वसलेला, शब्दाला जागणारा, हातात हुन्नर असलेला. लायब्ररीत बसले आणि दोन दिवसांत लक्षात आलं की शोधायला लांब जायची गरजच नव्हती. आजोबांनी दिलेलं नावच बरोबर होतं.

तर गोष्ट सुरू होते सुरतेला. लवजी नसरवानजी वाडिया, जन्म १७०२, धर्माने पारशी, कामाने जहाजबांधणीतला मुकादम. तेव्हा मुंबई म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातली सात बेटं. कंपनीला स्वतःची गोदी हवी होती. डडली नावाचा त्यांचा अधिकारी सुरतेला जहाजाच्या कामासाठी गेला असताना त्याने लवजींचं काम बघितलं आणि त्यांना मुंबईला यायचं आमंत्रण दिलं. १७३६ साली लवजी मुंबईला आले. बरोबर दहा सुतार आणि आपापली हत्यारं. भांडवल एवढंच.

त्यांनी कंपनीला पहिली मोठी गोष्ट करून दिली ती म्हणजे कोरडी गोदी, १७५० साली. आशियातली पहिली असं तिला म्हणतात. कोरडी गोदी म्हणजे काय, तर भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचं, दरवाजा बंद करायचा, पाणी काढून टाकायचं आणि जहाजाचा तळ उघडा पाडून दुरुस्त करायचा. मुंबईला भरती ओहोटीत चांगला फरक असतो, म्हणून हे जमलं. ती गोदी आजही फोर्टच्या नेव्हल डॉकयार्डच्या आत आहे. लायन गेटच्या बाहेरून बसने जाताना आपल्याला ती दिसत नाही एवढंच. लवजी १७७४ मध्ये गेले. आयुष्यभर कंपनीची जहाजं बांधून मागे फार पैसा ठेवला नव्हता, ठेवलं ते नाव. त्या नावावर त्यांच्या मुलांना, नातवंडांना गोदीतलं मास्टर बिल्डरचं पद मिळत गेलं.

पुढच्या पिढ्यांनी काय काय बांधलं ते वाचून मी खरंच थक्क झाले. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेलं मिंडेन हे ७४ तोफांचं जहाज १८१० साली समुद्रात उतरलं. ब्रिटिश आरमाराचं एवढं मोठं लढाऊ जहाज ब्रिटनच्या बाहेर बांधलं जाण्याची ती पहिलीच वेळ. १८१३ चं कॉर्नवॉलिस हेही त्यांचंच. त्याच जहाजावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. १८१७ चं ट्रिंकोमाली तर अजून तरंगतंय! इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते संग्रहालय म्हणून ठेवलंय. दोनशे वर्षं उलटून गेली आणि मुंबईत कापलेला, तासलेला मलबारी साग अजून पाण्यात उभा आहे.

हे कसं जमलं? मटेरियल्सवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. इंग्लंडमध्ये जहाजं ओकची बनायची. ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्यात ठोकलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट हळूहळू गंजतात आणि सांधे सैल होतात. सागात नैसर्गिक तेल असतं. ते लोखंडाला सांभाळतं आणि वाळवी, कीड यांनाही लांब ठेवतं. पण लाकूड चांगलं असून भागत नाही. हजारो सांधे असे बसवायचे की पाणी आत येता कामा नये. म्हणजे फटीत भुसा आणि फेव्हिकॉल भरून चालत नाही!

एवढं करूनही मान मिळायचा तो बेताचाच. जमशेटजींची एक गोष्ट सांगतात. एका जहाजाच्या तळाच्या तुळईत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय. त्या काळ्या माणसाच्या आधी साहेब लोक जी शिवी लावत, तीही त्यांनी जशीच्या तशी कोरली होती. बऱ्याच वर्षांनी दुरुस्तीला तळ उघडला तेव्हा ते वाचायला मिळालं म्हणे. खरं किती आणि रंगवलेलं किती ते राहू द्या. पण पुढच्या पिढीत तीच गोष्ट उजेडात, सगळ्यांसमोर घडली. तिचा नायक माझ्या या लेखाचाही नायक आहे.

अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जन्म ६ ऑक्टोबर १८०८. वडील गोदीत, काका गोदीत, चुलतभाऊ गोदीत. चौदाव्या वर्षी, १८२२ साली, अर्देशीरही गोदीत लागले. सरळ रस्ता होता. सागाचं काम शिकायचं, वयाने मोठं व्हायचं, नंबर लागला की मास्टर बिल्डर व्हायचं. तेव्हा वाडियांची जहाजं जगात उत्तम गणली जात होती. अशा वेळी आपला धंदा संपणार आहे असं कुणाला वाटेल?

१८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाची बोट तयार झाली. बांधणी नेहमीसारखी लाकडी, वाडियांचीच. पण पोटात विलायतेहून आणलेली वाफेची इंजिनं. मार्च १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली. गंमत बघा, तिच्यात कोळसा ठेवायला जागा होती साधारण साडेपाच दिवसांची आणि नुसत्या एडनला पोचायलाच अकरा दिवस लागणार होते. मग केबिन, माल ठेवायची जागा, जिथे मिळेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. बरेच लोक हसले असणार. पण ती महिन्याभरात सुएझला पोचली. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने विलायत गाठायला चार चार महिने लागायचे, आणि तेही वारा असेल तर.

अर्देशीर तेव्हा एकवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. आपलं घराणं जे सगळ्यात चांगलं करतं, त्याला आता फार दिवस नाहीत, हे त्यांनी ओळखलं. लाकूड राहील न राहील, पण आतलं इंजिन ज्याला कळेल त्याचं जहाज. आणि इंजिन कळणारा गोदीत एकही देशी माणूस नव्हता. बिघडलं की विलायतेचा माणूस, मोडलं की विलायतेचा सुटा भाग.

शिकवणार कोण? कॉलेज नव्हतं, सर नव्हते, नोट्स नव्हत्या. विलायतेहून येणारी पुस्तकं वाचून आणि गोदीत येणाऱ्या बोटींची इंजिनं बघून त्यांनी स्वतःच एक इंजिन बनवलं. एका हॉर्सपॉवरचं! आपल्या सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरएवढं. त्यांच्या इंजिनानेही तेच काम केलं, विहिरीचं पाणी वर चढवलं. बॉयलर, सिलिंडर, पिस्टन, झडपा, सगळं मुंबईत. माझ्या मते या सबंध गोष्टीतलं सगळ्यात मोठं यंत्र हेच. पुढे १८३३ च्या सुमारास त्यांनी माझगावला साठ टनांची इंडस नावाची बोट बांधली. विलायतेहून दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मागवून तिच्यात बसवलं आणि चालवलं.

१८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. गॅसही स्वतःच तयार केलेला. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते बघायला आला होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये, म्हणजे या बागेनंतर एकतीस वर्षांनी! एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते मुलांना यंत्रं आणि रसायन यांचे धडेही द्यायचे. थोडक्यात, आपल्याकडच्या पहिल्या इंजिनिअरिंगच्या सरांपैकी ते एक म्हणायला हरकत नाही.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खरं इंजिन जिथे बनतं तिथे जाऊन शिकायचं ठरवलं. सप्टेंबर १८३९ मध्ये मुंबईहून निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता (तो १८६९ चा). लाल समुद्रातून बोटीने सुएझ, मग इजिप्तमधून जमिनीवरून, मग पुन्हा बोट. पारशी रीतीचं जेवण सांभाळत प्रवास केला आणि वर्षाच्या शेवटी लंडन गाठलं. या प्रवासाची डायरी त्यांनी १८४० मध्ये छापली. त्यांचे दोन भाऊबंद, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी, आधीच जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेलेले होते. काळ असा होता की ब्रुनेलची ग्रेट वेस्टर्न १८३८ मध्ये वाफेवर अटलांटिक ओलांडून गेली होती आणि त्याच्या डोक्यात पुढची बोट, ग्रेट ब्रिटन, अख्खी लोखंडाची होती. म्हणजे लाकडाचे दिवस भरत आले होते.

लंडनला अर्देशीर सीवर्ड कंपनीच्या कारखान्यात जाऊन बोटींची इंजिनं शिकले. कारखाने पाहिले, गोदी पाहिल्या, राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात हजर झाले. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने त्यांना आपल्यात घेतलं. एकतीस वर्षांचा माणूस, आपल्या भागात नाव झालेला, आणि पुन्हा कारखान्यात शिकाऊ बनून उभा! आपण केटी लागली तर ज्युनिअर बॅचबरोबर बसायला लाजतो.

आणि मग आलं १८४१ साल. या वर्षात दोन गोष्टी झाल्या. १ एप्रिलला अर्देशीर मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर आणि यंत्रांचे इन्स्पेक्टर झाले. आणि २७ मेला लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. न्यूटन ज्या संस्थेचा अध्यक्ष होता ती ही संस्था. मुंबईत आणलेला गॅसचा दिवा आणि इंजिन बसवलेली साठ टनांची बोट, ही कामं त्यांच्या नावाच्या शिफारशीत होती. ते पहिले भारतीय फेलो. दुसरे कोण माहीत आहे? श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली! क्विझमध्ये पहिला भारतीय एफआरएस म्हणून रामानुजनचं नाव सांगून आपण किती वेळा चुकीचा पॉइंट घेतलाय देव जाणे. (मी घेतलाय.)

पण मुंबईत काय झालं? स्टीम फॅक्टरीत त्यांच्या हाताखाली जसे देशी कारागीर होते तसेच युरोपियन मदतनीस, इंजिनिअर आणि बॉयलर बनवणारेही होते. गोऱ्यांवर देशी साहेब, ही गोष्ट मुंबईत कुणी पाहिली नव्हती. इथल्या इंग्रजी वर्तमानपत्राने नेमणुकीविरुद्ध लिहिलं. मुद्दा कामाचा नव्हताच, कारण काम येतं हे लंडनने मान्य केलं होतं. मुद्दा असा की माणूस कितीही हुशार असला तरी देशी आहे, तर गोरे त्याचं ऐकणार कसे? म्हणजे जमशेटजींनी तळाच्या तुळईत कोरलेली गोष्ट आता पेपरात छापून येत होती.

अर्देशीर यांनी पेपरात भांडण केलं नाही. जागेवर बसून काम केलं. बोटींची इंजिनं दुरुस्त होत राहिली, नवीन माणसं तयार होत राहिली. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि लाकूड कापायची यंत्रं विकत घेऊन मुंबईला पाठवली. विचार करा, सुताराच्या घराण्यातला माणूस सुतारकाम करणारं यंत्र आणतोय! शिवणयंत्र, फोटोग्राफी, इलेक्ट्रोप्लेटिंग या गोष्टीही मुंबईत पहिल्यांदा आणणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. १८५१ मध्ये त्यांनी एक आगबोट पाण्यात सोडली. तिचा प्रत्येक भाग त्यांच्या स्वतःच्या घरच्या ओतशाळेत तयार झालेला होता. नाव काय ठेवलं असेल? लवजी फॅमिली! सुरतेहून दहा सुतार घेऊन आलेल्या पूर्वजाचं नाव वाफेच्या बोटीला.

सोळा वर्षं ते स्टीम फॅक्टरीत होते. १ ऑगस्ट १८५७ ला निवृत्त झाले. १८६१ मध्ये पुन्हा काम हाती घेतलं, सिंधमधल्या कोटरीला इंडस फ्लोटिला कंपनीचे सुपरिंटेंडिंग इंजिनिअर म्हणून, आणि दोन वर्षांनी तेही सोडलं. शेवटची वर्षं मात्र इंग्लंडमध्ये गेली. मुंबईत त्यांची पत्नी आणि मुलं होती, आणि मॅरियन बार्बर या इंग्रज बाईंबरोबर त्यांचा दुसरा संसारही होता. त्या संसारातल्या मुलीच्या नावातही त्यांनी लवजी हे नाव घातलं होतं. १८६८ मध्ये ते लंडनजवळच्या रिचमंडला राहायला गेले आणि १६ नोव्हेंबर १८७७ ला तिथेच वारले. आपल्या पोस्टाने १९६९ मध्ये त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. बाकी मुंबईत त्यांचं नाव सांगणारे फार कमी भेटतील.

मी हे सगळं सुट्टीत आजोबांना वाचून दाखवलं. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, बरं केलं त्या माणसाने, वेळेवर ओळखलं. आणि गप्प बसले.

आजोबा गिरणी कामगार. आमच्या भागातल्या एका गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे वॉचमनची नोकरी, कुरिअरची नोकरी, सणासुदीला कंदील बनवून विकणं. सुताचा धागा नुसत्या बोटाने पकडून नंबर सांगणारा माणूस! नायगावच्या चाळींत अशी घरं मोजायची म्हटली तर मजला मजला मोजावा लागेल.

वाडिया घराण्याने काळ ओळखला हे खरंच. लाकडी जहाजं संपत आली तेव्हा अर्देशीर वाफेकडे वळले. त्याच घराण्यातल्या नवरोजी वाडियांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाईंग सुरू केली आणि घराणं कापडात आलं. आमच्या नायगावची स्प्रिंग मिल त्यांचीच. नवरोजींच्या पत्नी जरबाई आणि त्यांची मुलं यांनी पारशांसाठी बागा बांधल्या, परळला बायकांचं आणि लहान मुलांचं अशी दोन हॉस्पिटलं बांधली. त्यातल्या एकात माझा जन्म. कापडाचा काळ संपला तेव्हा गिरणीच्या जागेवर टॉवर आले. आमच्या गच्चीवरून ते स्पष्ट दिसतात. लाकूड, वाफ, कापूस, जमीन. जवळजवळ तीनशे वर्षं एक घराणं दर वेळी वेळेवर उडी मारत आलं.

पण लवजींबरोबर सुरतेहून आलेल्या त्या दहा सुतारांच्या घराण्यांचं काय झालं? लाकडी बोटी बंद झाल्यावर त्यांच्या नातवंडांनी काय केलं? त्यांचीही जहाजं तीच होती. ट्रिंकोमालीचे सांधे त्यांच्यासारख्याच हातांनी बसवले. त्यांच्या वंशावळी कुणी काढल्या नाहीत. काळ बदलतोय हे त्यांनाही दिसत असेलच. ज्याच्या हातात रोज करवत आहे त्याला यंत्राची करवत आली हे सगळ्यात आधी कळतं. पण एका हॉर्सपॉवरचं इंजिन बनवून बघायला माझगावला बंगला लागतो, विहीर लागते, फसलं तर दुसऱ्या दिवशी चूल पेटेल याची खात्री लागते. आजोबांनाही दिसत होतंच की. साचे जुने झालेत, पॉवरलूमवर कापड स्वस्त पडतंय. दिसून करायचं काय? घरात सहा माणसं आणि पगार एक.

हे लिहिलं म्हणून अर्देशीर यांचं मोठेपण कमी होत नाही. बंगला तर मुंबईत अनेकांकडे होता, इंजिन त्यांनीच बनवलं. आणि आरामात मिळणारं पद समोर असताना शिकाऊ म्हणून परत उभं राहायला जे धैर्य लागतं ते पैशाने येत नाही. फक्त एवढंच की काळ ओळखा, बदला, असं स्टेजवरून सांगणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं भाषण ऐकताना मला आता तो अर्धा भागही आठवतो. ओळखणं सोपं असतं, पाय ठेवायला जागा असेल त्यालाच उडी मारता येते.

मग आपली जागा कोणती? मला वाटतं, हीच. हे कॉलेज, ही लॅब, ही लायब्ररी आणि रात्री बारापर्यंत उघडी असलेली हॉस्टेलची रीडिंग रूम. अर्देशीर यांच्याकडे बंगला होता पण सर नव्हते, लॅब नव्हती. आजोबांकडे हुन्नर होता पण जागा नव्हती. आपल्याकडे चार वर्षांपुरती का होईना, जागा आहे. इथे फसलं तरी चूल बंद पडत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांसाठी ही जागा घरच्यांनी दागिने, जमीन गहाण टाकून घेतलीय. त्या जागेत आपण सीनिअरची जर्नल उतरवून काढतोय. (मीही उतरवलीत. संपादकांनी ही ओळ ठेवली तर आभार!)

सुट्टी संपवून निघताना मी माझा तो फसलेला हाफ लॅप जॉइंट शोधत होते. सापडेना. बघते तर आजोबांनी त्यातला भुसा खरवडून काढला होता, एक पातळ चिपटी तासून फटीत बसवली होती आणि त्यावर आजीची मिसळणाची डबी ठेवली होती. सांधा अजिबात हलत नव्हता. मी विचारलं, तुम्हाला सुतारकाम कुठून येतं? तर म्हणाले, संपानंतर वर्षभर तेही करून पाहिलं होतं.

या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट आहे. आमचा ग्रुप पाणी चढवायचं छोटं वाफेचं इंजिन बनवणार आहे. हॉर्सपॉवर एकही भरणार नाही, हे गाइड सरांनी आधीच सांगितलंय. पण सगळे भाग आम्हीच बनवणार, विकत काहीही आणायचं नाही, असं ठरलंय. बाहेरून रेडीमेड मॉडेल आणून देणारा माणूस हॉस्टेलला चक्कर मारून गेलाय, त्याला परत पाठवला. चाललं तर सगळ्यांना वर्कशॉपच्या मागे बघायला बोलवू. नाही चाललं तरी बोलवू!